खुर्चीपासून सीटपर्यंत

धामणगाव बढ्याच्या स्टँडवर उतरून "सुखदेव ड्रायव्हर कुठं राहतो?" असं विचारलंत तर लोक तुम्हालाच विचारतील, "कोणता?" गावात चार सुखदेव गाडी चालवतात. त्यातला एक माझा साडू आहे आणि त्याच्या गाडीत शक्यतो बसू नये. पण "पेशंटवाला सुखदेव" म्हणा, शेंबडं पोरगंही माझ्या दारात आणून सोडील.

हे नाव मी कमावलेलं नाही, ते मला चिकटलं. बीटी कापूस आला त्या पहिल्या दोन-तीन हंगामांत माझ्या गाडीला उसंत नव्हती. कापूस घरात मावत नव्हता. लोक साड्या घ्यायला मलकापूरला, मुली पाहायला खामगावला, आणि एकदा तर तीन भाऊ नुसता रस प्यायला बुलढाण्याला गाडी करून गेले होते. पुढं पाऊस दगा द्यायला लागला, बोंडअळी बीटीलाही भीक घालेना, फवारण्या वाढल्या आणि हौसेच्या फेऱ्या बंद पडल्या. राहिल्या त्या दवाखान्याच्या. त्या कोणी हौसेनं करत नाही, पण टाळताही येत नाहीत. असा मी लग्नवाल्याचा पेशंटवाला झालो.

आता गाडी चालवणं म्हणाल तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. गिअर टाकला की ती जाते. माझं खरं काम गाडी उभी असताना चालायचं. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस गाडीच्या सीटवर न्यायचा आणि पोचलं की सीटवरून परत खुर्चीत. मधे अंतर फार तर वीतभर. पण या वीतभर जागेत मी माणसं पडताना पाहिली आहेत, एकाचा दात गेलेला पाहिला आहे, आणि दोन सख्ख्या भावांचं "तू पाय धरायचा होता बे" यावरून कायमचं बोलणं बंद झालेलं पाहिलं आहे.

सुरुवातीला मीही गावाच्या रीतीनंच करायचो. आपल्याकडे कोणी अडलेला दिसला की हात लावायचा, ही माणुसकी. खुर्ची गाडीजवळ आली की पानटपरीवरचे, सलूनमधले, एसटीची वाट पाहणारे, सगळे धावणार. दोघं बगलेत हात घालणार, दोघं पाय उचलणार, पाचवा नुसता "हळू, हळू" म्हणणार. पेशंटला कोणीच काही विचारणार नाही.

असाच एक म्हातारा आम्ही बुलढाण्याच्या एका दवाखान्यासमोर उतरवत होतो, तेव्हा व्यायामाच्या खात्यातल्या मॅडम बाहेर आल्या. मूळच्या पुण्याच्या, अंगानं काडी, आवाज मात्र भोंग्यासारखा.

"हे काय चाललंय?"

"पेशंट उतरवून राह्यलो, मॅडम."

"पेशंट उतरवताय की ट्रकमधून कांदे?"

म्हातारा आत गेल्यावर त्यांनी मला बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "तुमचे पाय आता तुमचे नाहीत. अजिबात हलवायचे नाहीत." मग माझ्याच चार गड्यांना हुकूम केला, "बसवा यांना गाडीत. नेहमीसारखं." काय सांगू! एकानं बगलेत हात घातला तर मला गुदगुल्या झाल्या. दुसऱ्यानं सदरा ओढला, त्याची दोन बटणं गेली. खुर्चीचा ब्रेक कोणीच लावला नव्हता, ती मागं पळाली. माझं डोकं वर आदळलं, बूड अर्धं सीटवर आणि अर्धं हवेत, आणि पायाशी असलेला गडी मलाच ओरडतो, "अंग सैल सोड ना बे!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कसं वाटलं?" माझा खांदा पुढं आठ दिवस दुखत होता.

त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो. विद्या साधी आहे, तुम्हालाही सांगून ठेवतो, उद्या घरात कोणावर काय वेळ येईल सांगता येत नाही. गाडी सपाट जागेवर लावायची, नालीच्या काठावर नाही. दार पुरतं उघडायचं. खुर्ची सीटला तिरपी, अगदी चिकटून, आणि ब्रेक दोन्ही चाकांना. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला, खुर्चीचा सीटकडचा हात काढून ठेवायचा. पाय जमिनीवर नीट टेकवायचे. माणूस आधी पुढं वाकतो, मग सरकतो, कारण डोकं एका अंगाला झुकलं की बूड दुसऱ्या अंगाला हलकं होतं. आधी बूड आत, मग डोकं, मग एकेक पाय हातानं उचलून. गाडीच्या दाराला धरायचं नाही, दार हे हलणारं असतं आणि आपल्याला ते ऐन वेळी आठवतं. आणि प्रत्येक पायरीआधी पेशंटला विचारायचं. बगलेत हात तर कधीच नाही.

यातलं "पुढं वाका" हे सगळ्यात अवघड. आमच्याकडचे एक पाटील होते, अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, वजन क्विंटलच्या वर आणि डोक्यावर कायम फेटा. त्यांना वाका म्हटलं की म्हणायचे, "मी कलेक्टरसमोर वाकलो नाही, तुह्या डबड्यापुढं वाकू?" दर फेरीला डोकं आपटायचं, फेटा पडायचा, आणि शिव्या मला. शेवटी मी युक्ती केली. बालाजीचा एक लहानसा फोटो गिअरजवळ, अगदी खाली चिकटवला. पुढच्या खेपेला दार उघडलं आणि म्हणालो, "पाटील, देवाले नमस्कार करून घ्या." पाटील वाकले. मी अलगद सरकवले. ते शेवटपर्यंत मला फार भाविक माणूस समजत होते.

पण हा लेख मी पाटलांसाठी लिहायला घेतला नाही. मला गफूरभाईंबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात माझी चूकही येते.

गफूरभाई आमच्या गावचे गादीवाले. पंचक्रोशीत मुलीला आंदण द्यायची गादी त्यांच्याकडूनच भरून घ्यायची, असा शिरस्ता. कापूस पिंजून पिंजून दंड असे झालेले की मुठीत नारळ फोडतील. बीटीच्या भरात कापसाच्या ट्रकांना माणसं कमी पडायची, तेव्हा हंगामात तेही जायचे. ट्रकमध्ये कापूस पायांनी तुडवून दाबायचा, वर आणखी भरायचा, घराएवढा ढीग झाला की दोर आवळायचा. असाच दोर आवळताना तो सटकला आणि गफूरभाई वरून रस्त्यावर आले. कमरेखालचं सगळं गेलं.

बायको आधीच वारलेली. घरात एकुलती एक मुलगी, परवीन. शेजारी भावाचं घर होतं, भाकरीची अडचण नव्हती. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर गफूरभाई थोड्याच महिन्यांत स्वतःचे स्वतः जायला लागले. गाद्यांचं कामही बसून सुरू केलं. अडायचं ते गाडीशी. गाडीची सीट वेगळी, फट मोठी, वर छत. तिथं परवीन लागायची. ती माझ्यासोबत शिकली आणि माझ्यापेक्षा बरं शिकली. गफूरभाई म्हणायचे, "सुखदेवभाऊ, जिंदगीभर म्या लोकायले झोपवलं. आता मलेच कोणी बसवाव लागते."

आता माझी चूक. मी एक शोध लावला होता. खताची रिकामी प्लास्टिकची गोणी सीटवर अंथरायची. तिच्यावरून माणूस असा सरकतो की विचारू नका, निम्मी ताकद लागत नाही. मॅडमनी शाबासकी दिली, पण बजावलं, "बसवून झालं की गोणी काढायची. मगच गाडी हलवायची." मी हो म्हणालो. पण बुलढाण्याहून परत येताना मला वाटलं, आता घरीच तर उतरायचं आहे, उतरवायला सोपं जाईल, राहू दे खाली. बेल्ट होता, पण लोंबला की धूळ खातो म्हणून मी तो सीटकव्हराखाली दाबून ठेवलेला. गाडीवाले सगळे तेच करायचे.

घाट उतरताना वळणावर एक माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन रस्त्यात बसली होती. मी ब्रेक दाबला. गफूरभाई गोणीसकट सरसर घसरले आणि डॅशबोर्डच्या खाली गेले. वर फक्त टोपी दिसत होती. मागून परवीन किंचाळली. खालून आवाज आला, "काऊन बे सुखदेव, स्टेशन आलं काय?"

आम्ही हसलो. हसलो, हेच मला आजही खटकतं. त्यांना वर काढलं, गोणी फेकली, घरी आलो. त्यांच्या पायाला काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनाही कळलं नाही आणि आम्ही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परवीननं पाय धुताना पाहिलं तर टाचेवरचं कातडं सोलून निघालेलं. ती जखम भरायला पावसाळा गेला. दोन महिने माणूस खाटेवर पालथा. परवीन फक्त एवढंच म्हणाली, "काका, अब्बाले दुखत नाही म्हून तुमाले बी दुखलं नाही का?"

मी बेल्ट बाहेर काढला तो कायमचा. पण तिच्या मनातून मी उतरलो होतो, आणि ते बरोबरच होतं.

जखम भरली आणि परवीनला स्थळ आलं. देऊळगाव राजाचं. मुलाचं मोटार भरायचं दुकान, म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर हा नव्या तारेनं गुंडाळून देणार. विहिरी आटल्या तरी मोटारी जळतच होत्या, त्यामुळं धंदा चालू होता. मुलगा शांत, घर चांगलं. परवीननं नाही म्हणून सांगितलं.

"काऊन?" गफूरभाईंनी विचारलं. मी तिथंच ओसरीवर होतो.

"तुमाले गाडीत कोण बसवीन?"

"हा सुखदेव हाय ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करायला लागलो.

"अब्बा, तुमी घरात बसून रायसान. दवाखान्यात जासान नाही, गिऱ्हाइकाकडं जासान नाही. मले माहीत हाय. मी जात नाही कुठंच."

गफूरभाईंनी स्वतःच्या दंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "अन म्या स्वतःहून बसून दाखवलं त?"

"कोणाचा हात न लागता?"

"कोणाचाच नाही."

"बसाचं बी अन उतराचं बी. तीन खेपा. एका दमात." हे ती बापाशी बोलत होती, पण बोट माझ्याकडे होतं.

मग आमची शाळा सुरू झाली. सुताराकडून सागाची एक फळी करून घेतली, हातभर लांब, कडा गोल, घासून घासून गुळगुळीत. फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं सीटवर. त्या पुलावरून माणूस हाताच्या जोरावर सरकत जातो. बसला की फळी निघते, ती गोणीसारखी विसरता येत नाही, कारण टोचते. रोज दुपारी मी गाडी त्यांच्या अंगणात लावायचो. पहिल्या आठवड्यात ते अर्ध्या फळीवर अडकायचे, ना इकडे ना तिकडे, आणि तिथूनच गिऱ्हाइकाशी गादीचा सौदा करायचे. डोकं नको तिकडं झुकवायचे. मी म्हणायचो, "गफूरभाई, उलटं! डोकं माह्याकडं!" ते म्हणायचे, "तुह्याकडं पाहूनच त चुकते." शेजारच्या बायका भिंतीवरून सल्ले द्यायच्या. एकीनं तर फळीला तेल लावायचं सुचवलं. मी हात जोडले.

सगळ्यात अवघड मलाच गेलं. हात न लावता उभं राहणं हे मला येत नव्हतं. माणूस डळमळला की हात आपोआप पुढं जातो. परवीन मग माझ्या हातात पाण्याची कळशी द्यायची आणि म्हणायची, "धरून ठेवा, काका."

परीक्षेचा दिवस आला. पहिली खेप झाली. दुसरी झाली, घामानं सदरा भिजला. तिसऱ्या खेपेला बसले, आणि उतरताना फळीच्या मध्यावर त्यांचा हात घसरला. मी पलीकडच्या दारातून आत वाकलो होतो. मागून पायजम्याची कंबर धरली, किंचित वर ओढली, सोडली. डोळ्याचं पातं लवतं एवढाच वेळ. गफूरभाई खुर्चीत बसले. भावकीनं टाळ्या वाजवल्या.

"तिसरी धरत नाही," परवीन म्हणाली.

"म्या कुठं हात लावला?" मी म्हणालो.

"अब्बाचा पायजमा मागून वर गेला. तो काय आपोआप गेला?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण गफूरभाईंचं तोंड पाहिलं. ते माझ्यावर असे चिडले होते की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुले कोणं सांगतलं होतं बे? पडलो असतो त पडलो असतो! तिले फसवून धाडू काय मी?"

मी मान खाली घातली. साठीला आलेला माणूस, पोरासारखा रडवेला झालो होतो. वाईट इतकंच वाटत होतं की माझ्या हातानं त्यांची तीन महिन्यांची मेहनत वाया गेली.

पंधरा दिवसांनी त्यांनी परत परीक्षा दिली. या वेळी परवीननं मला फाटकाबाहेर उभं केलं, कळशी देऊनही भरवसा नव्हता. मी कुंपणाच्या फटीतून पाहत होतो. तीन खेपा झाल्या. दोनदा थांबले, एकदा अल्लाचं नाव घेतलं, पण झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर परवीन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कळवा त्यायले."

निकाह झाला. ती गेली. दीड महिन्यानं गफूरभाई म्हणाले, "सुखदेवभाऊ, गाडी काढ. पोरीकडं जाऊन येऊ."

देऊळगाव राजाला तिची गल्ली अरुंद आणि चढाची. मी बराच मागंपुढं करून एक सपाट तुकडा शोधला. खुर्ची काढून लावली, दोन्ही ब्रेक दाबले आणि बाजूला झालो. तेवढ्यात तिचे सासरे, दोन दीर, समोरचा किराणावाला, सगळे धावत आले. व्याही आलेत आणि दारात अडलेत, म्हटल्यावर कोण गप्प बसेल? "अरे धरा, धरा! पाय धर तू!" सासऱ्यांचे दोन्ही हात गाडीच्या आत पोचलेसुद्धा.

परवीन दारात आली. हात कणकेनं भरलेले.

"अब्बाजान, हात काढा," ती सासऱ्यांना म्हणाली. नवी सून, सगळ्या गल्लीसमोर. "कोणीच हात लावू नका. ते उतरतात."

सासरे चपापले. पण मागं सरले, हे त्यांचं मोठेपण. सगळी गल्ली थांबली. गफूरभाईंनी फळी लावली. खुर्ची सीटपेक्षा थोडी उंच, म्हणजे चढ. एकेक इंच सरकत होते. मधे थांबून धाप टाकत होते. किराणावाला माझ्या कानात कुजबुजला, "काय दगडाचं काळीज पोरीचं!" त्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ती चौकटीला टेकून उभी होती, कणकेचे हात तिनं पाठीमागं घट्ट धरले होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. गफूरभाई खुर्चीत बसले, पाय उचलून पट्ट्यांवर ठेवले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "सलाम आलेकुम, समधीसाहेब." तेव्हा कुठं सासऱ्यांनी त्यांना मिठी मारली.

जेवण झालं, गप्पा झाल्या. संध्याकाळी निघालो. ते तसेच स्वतः बसले, मी फळी काढली, बेल्ट लावला. परवीन दारात उभी राहून हसत हात हलवत होती. गफूरभाईही हसत होते. गल्लीचं वळण आलं, घर दिसेनासं झालं, आणि ते म्हणाले, "गाडी बाजूले घे."

मी घेतली. निकाहच्या दिवशी ज्या माणसानं डोळ्यातून टिपूस काढला नव्हता, तो माझ्या शेजारी बसून हुंदके देऊन रडला. घर खायला उठते म्हणाला. भाकर गिळत नाही म्हणाला. सकाळी कोणाला हाक मारायची तेच कळत नाही म्हणाला. मी विचारलं, "परत फिरवू का? एक दिवस राहा पोरीपाशी."

त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि माझ्यावर डाफरले, "येडा झाला का बे? तिनं मले असं पाहालं त गाठोडं बांधून येऊन बसीन माह्यापाशी. चल, काढ गाडी. लवकर."

मी गिअर टाकला.